उदरातील मेद आणि व्यायाम

गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेत गणवेशाची मापे घेण्यासाठी शिंपी आला होता. आठवीच्या मुलांची मापे उरकत आली तेव्हा एका धीट विद्यार्थ्याने आमच्याकडे पाहून विचारले, "सर, तुमचेंय माप काडूं?" वर्गात हशा पिकला. आम्ही अंगाने किडकिडीत; हातपाय काटकुळे, गाल बसलेले. चौसष्ट किलो वजनाच्या माणसास मापाचे भय ते कसले, अशा ऐटीत आम्ही पुढे झालो. शिंप्याने पोटाभोवती टेप फिरवून आकडा उच्चारला : सदतीस इंच. मुले पुन्हा हसली, आम्हीही हसलो.

घरी गेल्यावर मात्र तो आकडा मनातून जाईना. आमच्या वडिलांना मधुमेह जडून बारा वर्षे झाली आहेत आणि त्या व्याधीने घरात काय काय घडते ते आम्ही जवळून पाहिले आहे. आम्ही रक्त तपासून घेतले. उपाशीपोटी घेतलेल्या रक्तात साखर ११२ निघाली. शंभराच्या आत असली तर ती निर्धोक समजतात आणि १२६ किंवा त्याहून अधिक भरली तर मधुमेह समजतात. आम्ही मधल्या उंबरठ्यावर उभे होतो. किडकिडीत माणसास हा रोग शिवत नाही, ही आमची समजूत त्या दिवशी गेली.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर; शरीरशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु गरजेपोटी जे वाचले व समजून घेतले ते विद्यार्थ्यांपुढे मांडावे, विशेषतः त्यांच्या घरातील वडीलधाऱ्यांच्या कानी जावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पोटावरील चरबी आणि पोटातील चरबी या दोन भिन्न वस्तू आहेत. पहिली त्वचेखाली असते; बोटांच्या चिमटीत धरता येते. दुसरी पोटाच्या स्नायूंच्या भिंतीआड, आतड्यांभोवती व यकृताच्या आसपास साचते. ती चिमटीत सापडत नाही. कित्येक गृहस्थांची ढेरी हातास घट्ट लागते आणि ते अभिमानाने सांगतात की, ही चरबी नव्हे, हे बळ आहे! वस्तुतः तो घट्टपणा बहुधा आतून रेटा देणाऱ्या चरबीचाच असतो.

चरबी किती आहे यापेक्षा ती कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे, ही गोष्ट फ्रान्समधील मार्सेय शहराचे वैद्य झाँ वाग यांनी १९४७ साली मांडली. पोटाकडे साचणारी चरबी आणि मांड्या-नितंबांकडे साचणारी चरबी असे दोन प्रकार त्यांनी वेगळे केले व पहिलीचे नाते मधुमेहाशी जोडले. पुढे शरीराचा आडवा छेद दाखविणारी सी. टी. स्कॅनची यंत्रे आली, तेव्हा आतील चरबी प्रत्यक्ष मोजता येऊ लागली. जपानमधील ओसाका येथील संशोधकांनी १९८०च्या दशकात या कामी पुढाकार घेतला. त्यांना आढळलेली एक गोष्ट फार बोलकी आहे. सुमो कुस्ती खेळणारे जपानी मल्ल म्हणजे चरबीचे डोंगर. परंतु नित्य कसून मेहनत करणाऱ्या त्या मल्लांची चरबी मुख्यतः त्वचेखाली असते, उदराच्या आत ती थोडीच असते.

उदरातील चरबी एवढी घातक का, याचे एक कारण तिच्या जागेतच आहे. तेथील पुष्कळसे रक्त एका मोठ्या शिरेवाटे थेट यकृताकडे जाते. त्या चरबीतून सुटणारी स्निग्धाम्ले व दाह वाढविणारे पदार्थ अशा रीतीने प्रथम यकृताच्याच माथी बसतात. यकृतावर चरबी चढते, इन्शुलिनचा हुकूम शरीर पूर्वीसारखा मानीत नाही आणि रक्तातील साखर वाढू लागते. सर्व दोष या एकाच वाटेचा आहे असे नव्हे, पण ही वाट महत्त्वाची खरी.

आता आमच्या किडकिडीतपणाची गोष्ट. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांनी २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे एक छायाचित्र छापले. किलोतील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले म्हणजे जो आकडा येतो, तो शरीरभारांक. दोघांचा शरीरभारांक नेमका सारखाच, २२.३. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ती ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ, पण आतून मेदयुक्त, अशी आपल्याकडील पुष्कळांची घडण आहे. याज्ञिकांच्या पथकाने पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बालके तपासली; ती इंग्लंडमधील बालकांहून बरीच हलकी होती, तरी त्यांच्या अंगावरील चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनची. म्हणूनच भारतीय प्रौढांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० सेंटिमीटर व स्त्रियांस ८० सेंटिमीटर अशी, पाश्चात्त्यांहून कमी, धरली आहे. आमचे सदतीस इंच म्हणजे ९४ सेंटिमीटर. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण सर्व राज्यांत आमच्या गोव्यातच सर्वाधिक आढळले : प्रौढांपैकी २६.४ टक्के. तेव्हा हा प्रश्न केवळ आमच्या घरचा नाही.

पोट सुटले की माणूस प्रथम काय करतो? जमिनीवर उताणा पडून उठाबशा काढू लागतो. आम्हीही तेच केले. पंधरा दिवस रोज पन्नास उठाबशा काढल्या. मान दुखावली, घेर होता तेथेच राहिला. ज्या स्नायूस राबवावे त्याच्यावरील चरबी वितळते, ही समजूत अत्यंत लोकप्रिय व अत्यंत चुकीची आहे. १९७१ साली अमेरिकेत टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजून पाहिले. त्यांचा खेळणारा हात वर्षानुवर्षे दुसऱ्याहून कितीतरी अधिक राबलेला असतो. तरी त्वचेखालील चरबी दोन्ही हातांवर सारखीच भरली. १९८४ साली काही तरुणांनी २७ दिवसांत पाच हजारांवर उठाबशा काढल्या. त्यांच्या पोटावरील, पाठीवरील व नितंबावरील चरबीच्या पेशी तपासल्या असता पोटास विशेष लाभ झाल्याचे दिसले नाही. कारण उघड आहे. स्नायूस लागणारे इंधन रक्तातून येते आणि रक्तात ते सर्व शरीराच्या कोठारांतून उतरते; शेजारच्याच कोठारातून नव्हे. उठाबशांनी पोटाचे स्नायू बळकट होतात, तो त्यांचा गुण आहेच. पण मेद उतरविणे हे त्यांचे काम नव्हे.

मग शस्त्राने कापून काढावी काय? तेही करून पाहिले गेले आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात पंधरा स्थूल स्त्रियांच्या पोटावरील सुमारे दहा किलो चरबी नळीने शोषून काढली. वजन उतरले, घेर उतरला. पण तीन महिन्यांच्या सुमारास तपासले तेव्हा इन्शुलिनच्या कार्यात, रक्तदाबात वा रक्तातील स्निग्ध पदार्थांत सुधारणा नव्हती. काढली ती बाहेरची. आतली होती तेथेच राहिली.

येथे आशेची गोष्ट सांगावयाची ती ही की, आतली चरबी जितकी घातक तितकीच चंचल आहे. व्यायामाच्या वेळी रक्तात अॅड्रेनलिन वाढते आणि त्याच्या हाकेस उदरातील पेशी, मांड्यांवरील पेशींपेक्षा, लवकर ओ देतात. कॅनडातील क्वीन्स विद्यापीठाचा २००० सालचा प्रयोग आम्हांस फार उद्बोधक वाटला. बावन्न स्थूल पुरुषांचे चार गट केले. एका गटाने रोजच्या आहारातून ७०० कॅलरी कमी केल्या. दुसऱ्याने आहार तेवढाच ठेवून व्यायामाने रोज ७०० कॅलरी खर्चिल्या. तिसऱ्याने व्यायाम तितकाच केला, पण खर्चिलेले भरून काढण्यापुरते अधिक खाल्ले. चौथ्याने काहीच केले नाही. तीन महिन्यांनी पहिल्या दोन्ही गटांचे वजन सुमारे साडेसात किलो उतरले व उदरातील चरबीही उतरली. नवल तिसऱ्या गटाचे : वजन जवळजवळ होते तेवढेच राहिले, तरी आतली चरबी कमी झाली! वजनकाट्यावर रोज उभे राहून निराश होणाऱ्यांनी हा गट ध्यानात ठेवावा.

उतरलेली चरबी जाते कोठे, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. घामावाटे, असे आम्हीही सांगत आलो होतो. ते बरोबर नाही. दहा किलो चरबी जळाली तर त्यातील ८.४ किलो कर्बवायूच्या रूपाने श्वासावाटे बाहेर पडते आणि उरलेली १.६ किलो पाणी होते. म्हणजे चरबी आपण नाकातोंडाने बाहेर टाकतो.

व्यायाम कोणता, हा वाद फारसा महत्त्वाचा नाही. भरभर चालणे, सायकल, पोहणे, कबड्डी, सलग घातलेले सूर्यनमस्कार, यांतील जे रोज घडेल ते चांगले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांसाठी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंस ताण देणारी मेहनत सांगितली आहे. मध्यम म्हणजे किती? चालताना बोलता यावे, पण गाता येऊ नये, एवढी दम लागणारी गती. आहाराकडे दुर्लक्ष करून मात्र चालत नाही. तासभर चालून आल्यावर दोन बटाटेवडे आणि साखरेचा चहा घेतला की हिशेब बहुधा बरोबरीत सुटतो. आम्ही दुपारचे शीत एक डाव कमी केले, कढी व मासळी तशीच ठेवली, आणि चहातील साखर सोडली. शेवटचे सर्वांत कठीण गेले.

जुलैपासून आम्ही स्कूटर घरी ठेवून शाळेस पायी येऊ लागलो. अंतर तीन किलोमीटर. पावसाळ्यात छत्री उलटी होऊन भिजलो, तेव्हा हसणाऱ्यांत तोच आठवीतला विद्यार्थी होता. डिसेंबरात वजन अवघे दोन किलो कमी भरले. घेर मात्र चार सेंटिमीटरांनी उतरून नव्वदावर आला. साखर १०१ आहे. अजून उंबरठ्यावरच आहोत, पण दाराच्या बऱ्या बाजूस सरकलो आहोत. एक कबुलीही द्यावयाची आहे. परीक्षा जवळ आली की खेळाचा तास इतर विषयांस मागून घेण्याची आपल्याकडे रीत आहे; मराठीच्या शुद्धलेखनासाठी तो मागून घेणाऱ्यांत आम्ही पहिले होतो. यंदा एकही मागितला नाही.

विद्यार्थिमित्रहो, वर दिलेल्या मर्यादा प्रौढांच्या आहेत. त्या वाढत्या वयाच्या मुलामुलींनी स्वतःस लावू नयेत, आणि कोणी उपाशी तर मुळीच राहू नये. घरातील मोठ्यांचे माप मात्र जरूर घ्यावे. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर, टेप आडवी व सरळ धरावी. श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा. पोट आत ओढू देऊ नये (वडीलमंडळी ते हमखास ओढतात). आकडा मर्यादेबाहेर असेल तर रक्त तपासून घेण्यास सांगावे, आणि ज्यांना हृदयाचा विकार वा छातीत कळ येण्याची तक्रार असेल त्यांनी चालण्याची गती वाढविण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे. टेप घरी नसेल तर शिवणाच्या डब्यात पाहावी. आमच्या घरी ती तेथेच सापडली.