आपले दप्तर आपल्या घरी

साहित्यसंस्थेच्या व्याख्यानमालेत होमिओपॅथीच्या डॉक्टराने संगणकावर लिहावे, याचे तुम्हाला नवल वाटेल. त्याला कारण एक केसपेपर आहे.

२००३ च्या सुमारास मी रुग्णांच्या नोंदी ठेवण्यासाठी एक तयार सॉफ्टवेअर विकत घेतले. हॅनेमानने ऑर्गेननच्या ८४ व्या आणि ८५ व्या सूत्रांत सांगितले आहे, त्याप्रमाणे रुग्णाची तक्रार त्याच्याच शब्दांत आणि प्रत्येक नवी गोष्ट नव्या ओळीवर मी त्यात लिहीत गेलो. बेळगावचा रुग्ण अर्धे वाक्य मराठीत आणि अर्धे कन्नडमध्ये बोलतो. तेही तसेच उतरवले. अकरा वर्षांनी संगणक बिघडला. नव्या संगणकावर ते सॉफ्टवेअर चालेना आणि ते विकणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. फायली माझ्यापाशी होत्या, पण त्या उघडणारे दुसरे काहीच नव्हते.

पुढे लहानपणी माझ्याकडे येणारी एक मुलगी आईबरोबर आली. आईने विचारले, "डॉक्टर, हिला लहान असताना कुठल्या गोळीनं अंगावर गांधी उठल्या होत्या? तुम्ही लिहून घेतलं होतं की हो." मी लिहून घेतले होते, पण मला ते वाचता येत नव्हते. अंदाजाने सांगण्याची ही गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून मी हा विषय शिकू लागलो.

वाचकहो, हे संकट केवळ डॉक्टरांचे नाही. तुमच्यापैकी कोणी १९९८ साली टाइप केलेली कथा आज उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी दिसेल. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट रोमन अक्षराच्या जागी देवनागरीचे केवळ चित्र बसवत. फॉन्ट गेला की अर्थही गेला. युनिकोडमध्ये मात्र 'क' ला जगभर मान्य असलेला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून तो मजकूर कोणत्याही यंत्रावर वाचता येतो. मजकूर कोणत्या स्वरूपात ठेवला आहे, यावर तो टिकणे अवलंबून असते.

आता लिनक्सकडे येऊ. संगणकाचा सगळा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रणालीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. अशी प्रणाली सर्वांसाठी खुली असावी, म्हणून रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू हा प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्यातील उणा राहिलेला गाभा लिहिला, तो लिनक्स. पुढच्याच वर्षी त्याने तो ग्नूच्या खुल्या परवान्याखाली दिला. या परवान्यात चार मुभा आहेत : प्रणाली हव्या त्या कामाला वापरणे, ती कशी चालते ते पाहणे, तिच्यात बदल करणे आणि तिच्या प्रती इतरांना देणे. हे तुमच्यापासून फार दूर नाही. अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सच आहे. माझ्या दृष्टीने या चार मुभांचा अर्थ एवढाच, की उद्या एखादी कंपनी बंद पडली तरी माझे दप्तर बंद पडणार नाही.

दवाखान्यातून बाद केलेल्या एका लॅपटॉपवर मी डेबियन हे लिनक्सचे रूप बसवले आणि त्यालाच घरचा सर्व्हर केले. सर्व्हर म्हणजे मागेल त्याला मागेल ते वाढून देणारा संगणक. ज्याला आपण क्लाउड म्हणतो, तेही कोणाचे तरी असेच संगणक असतात. फक्त ते दुसऱ्याच्या घरी असतात. माझ्या सर्व्हरवर नेक्स्टक्लाउड हे खुले सॉफ्टवेअर घरातल्या सर्वांचे फोटो आणि कागदपत्रे सांभाळते. केसपेपर मात्र साध्या युनिकोड मजकुराच्या फायलींत आहेत. प्रत्येक रुग्णाची एक फाईल. त्या उघडायला कोणतेही खास सॉफ्टवेअर लागत नाही. रुग्णाने विश्वासाने सांगितलेले असते, म्हणून सारी डिस्क सांकेतिक कुलपात ठेवली आहे. वीज गेली तर लॅपटॉपची बॅटरी काही वेळ निभावून नेते. पंधरा वॅट खर्च धरला, तर महिन्याला सुमारे अकरा युनिट होतात.

याच यंत्रावर होम असिस्टंट चालते. घरातले दिवे, पंप, घंटा यांना वेळेनुसार आज्ञा देणारे हे सॉफ्टवेअर २०१३ मध्ये पॉलस स्काउटसेन यांनी सुरू केले. आमच्या घरी सूर्यास्ताच्या दोन घटका आधी, म्हणजे ४८ मिनिटे आधी, जेवण आटोपण्याची रीत आहे. बेळगावात मावळतीची वेळ वर्षभरात तासाहून अधिक पुढेमागे होते. होम असिस्टंट आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश घेऊन ती वेळ रोज स्वतःच काढते आणि स्वयंपाकघरात घंटा वाजते. हे गणित घरच्या घरी होत असल्यामुळे इंटरनेट बंद असले तरी घंटा चुकत नाही. सौ. आधी हसली होती. एकदा मी दुरुस्तीसाठी ती घंटा बंद केली, तेव्हा तिनेच विचारणा केली.

आता माझी चूक सांगतो. 'बॅकअप घेतो' असे मी अभिमानाने सांगत असे. पण तो त्याच डिस्कवरच्या दुसऱ्या कप्प्यात होता. डिस्क गेली, तिच्याबरोबर नातवाचे चार महिन्यांचे फोटो गेले. केसपेपर वाचले, कारण ते योगायोगाने दवाखान्यातल्या संगणकावरही होते. जाणकारांचा नियम असा : प्रती तीन, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. षट्खंडागमावरील धवला टीकेच्या ताडपत्री प्रती कित्येक शतके केवळ मूडबिद्रीत होत्या. एका आगीत सारे संपले असते. विसाव्या शतकात नकला बाहेर आल्या आणि १९३९ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली पहिला खंड अमरावतीहून छापला गेला, तेव्हा कुठे तो ग्रंथ निर्धास्त झाला. माझी तिसरी प्रत, कुलूपबंद, मुलीच्या घरी असते.

घरी सर्व्हर ठेवला म्हणजे त्याची रखवालीही आपल्याकडे येते. सुधारणा वेळच्या वेळी बसवाव्यात. राउटरमधून बाहेरच्या जगाला थेट वाट उघडून देऊ नये. बॅकअपमधली एखादी फाईल महिन्यातून एकदा खरोखर उघडून पाहावी. आणि पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात बंद करून, घरात कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला सांगून ठेवावे. माझ्या वयात हे टाळू नये.

समाजातल्या एका ज्येष्ठांनी विचारले, "डॉक्टर, सगळे घरात साठवायचे, मग अपरिग्रह कुठे राहिला?" मी म्हटले, "हे दप्तर माझे नाही, रुग्णांचे आहे. मी फक्त राखणदार."

एवढ्यावर लगेच लिनक्स बसवायला हवे असे नाही. या आठवड्यात घरातली सर्वांत जुनी फाईल उघडून पाहा. उघडली, तर ती युनिकोडमध्ये उतरवून एक प्रत दुसऱ्या घरी ठेवा. उघडली नाही, तर ती उघडू शकणारा जुना संगणक कोणाच्या माळ्यावर आहे, ते तो भंगारात जाण्यापूर्वी शोधा.