श्वासाचा माग काढणारे किरण

फुप्फुसातली गाठ एका जागी थांबत नाही. आपण मिनिटाला बारा ते वीस वेळा श्वास घेतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर तीही खालीवर सरकते. ती श्वासपटलाजवळ असेल, तर कधीकधी दोन सेंटिमीटरसुद्धा. शेजारी हृदय, अन्ननलिका, मोठ्या रक्तवाहिन्या. डोकं हलू नये म्हणून घट्ट धरून ठेवता येतं, पण श्वास कुणाला बंद करता येईल? तरीही आज अशा हलत्या गाठीवर, छाती न उघडता, मिलिमीटरच्या हिशेबाने किरण सोडले जातात आणि अनेकांचे उपचार तीन ते पाच बैठकांत संपतात.

किरणांची ताकद आपल्याला फार पूर्वी कळली होती. विल्हेल्म राँटगेन यांना १८९५ साली क्ष-किरण सापडले आणि पुढच्याच वर्षी डॉक्टरांनी ते कर्करोगावर वापरून पाहिले. १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात लिनिअर ॲक्सिलरेटरवर पहिल्या रुग्णाचे उपचार झाले. या यंत्रात इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवून धातूवर आदळवतात आणि त्या धडकेतून शरीरात खोल शिरणारे क्ष-किरण निघतात.

त्यांची मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एक किलो ऊतीत एक ज्यूल ऊर्जा मुरली की एक ग्रे. ही ऊर्जा किती चिमुकली आहे पाहा: १८ ग्रे दिले, तरी गाठीचं तापमान एका अंशाच्या दोनशेव्या भागाइतकंही वाढत नाही. पण हीच ऊर्जा पेशीतले डीएनएचे धागे तोडते. डीएनएचा एक पदर तुटला, तर समोरचा पदर पाहून पेशी तो सहज जुळवून घेते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले, तर दुरुस्ती अवघड होते. एका ग्रेमागे पेशीत अशा साधारण २० ते ४० जागा तयार होतात. दुरुस्ती फसलेली पेशी विभागायला जाते आणि मरते.

ताकद होती, पण नेम नव्हता. गाठ नेमकी कुठे सापडेल याची खात्री नसल्यामुळे भोवतालचा बराच निरोगी भागही किरणांच्या वाटेत घ्यावा लागे. त्याला सावरायला उसंत मिळावी म्हणून रोज २ ग्रे, असे सहा आठवड्यांत ६० ग्रे देत. छातीतल्या लसीकाग्रंथींपर्यंत आजार पसरला असेल, तर केमोथेरपीच्या जोडीने आजही साधारण हीच पद्धत वापरतात. मग मात्राच का वाढवू नये? अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत अशा रुग्णांपैकी काहींना ६० ऐवजी ७४ ग्रे देऊन पाहिले. २०१५ मध्ये आलेल्या निकालाने सगळ्यांना थबकायला लावलं. ६० ग्रेच्या गटातले निम्मे रुग्ण सुमारे २९ महिन्यांहून अधिक जगले होते. ७४ ग्रेच्या गटात हाच आकडा सुमारे २० होता. हृदयाला जितके जास्त किरण लागले, तितका धोका वाढल्याचंही दिसलं. निव्वळ जोर वाढवून हा आजार हटणार नव्हता.

दुसरी वाट स्टॉकहोममध्ये सापडली. तिथल्या कारोलिन्स्का संस्थेत लार्स लेक्सेल यांनी मेंदूतल्या एका जागेवर अनेक दिशांनी किरण सोडणारा ‘गामा नाइफ’ घडवला होता. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथेच इंगमार लाक्स आणि हेन्रिक ब्लूमग्रेन यांनी तोच विचार छाती-पोटापर्यंत नेला. रुग्णाला त्याच्या अंगाबरहुकूम साच्यात झोपवायचं, श्वासाची हालचाल कमी व्हावी म्हणून पोटावर हलका दाब द्यायचा आणि अनेक दिशांनी किरण सोडायचे. आषाढीला वेगवेगळ्या वाटांनी निघालेल्या पालख्या वाखरीला एकत्र येतात. वाटेतल्या गावांत गर्दी बेताची, वाखरीला मात्र पाय ठेवायला जागा नसते. इथेही प्रत्येक किरण वाटेतल्या ऊतींना थोडासाच लागतो आणि सगळे मिळतात तिथे, गाठीत, मात्रा प्रचंड होते.

मग श्वासाचाच नकाशा काढणारं चौमिती सीटी स्कॅन आलं. श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावरच्या प्रतिमा वेगळ्या लावल्या, की गाठीचा सगळा प्रवास डोळ्यांसमोर उभा राहतो. काही ठिकाणी रुग्ण खोल श्वास घेऊन रोखून धरतो आणि तेवढ्या सेकंदांतच किरण सुटतात. काही यंत्रांत गाठ ठरलेल्या जागी आली की झोत चालू होतो आणि सरकली की बंद. सायबरनाइफ नावाच्या यंत्राचा यांत्रिक हात तर गाठीबरोबर स्वतःच हलतो. प्रत्येक बैठकीआधी त्याच टेबलावर स्कॅन करून जागा पुन्हा पडताळतात.

एवढा नेम साधल्यावर थोड्या बैठकांत मोठी मात्रा देण्याचं धाडस करता आलं. इंडियाना विद्यापीठात हे तंत्र पारखून घेतलेल्या रॉबर्ट टिमरमन यांच्या नेतृत्वाखालच्या चाचणीत, शस्त्रक्रिया न झेपणाऱ्या ५५ रुग्णांना १८ ग्रेच्या तीन बैठका दिल्या. २०१० मध्ये निकाल आला: तीन वर्षांनंतर जवळपास ९८ टक्के रुग्णांत मूळ गाठ पुन्हा वाढली नव्हती. त्यांतले साधारण ५६ टक्केच तेव्हा हयात होते, कारण हे मुळातच अनेक व्याधींनी थकलेले रुग्ण होते आणि काहींचा कर्करोग दुसरीकडे उद्भवला. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या चाचणीत जुन्या आणि नव्या पद्धतीची थेट तुलना झाली. गाठ त्याच जागी पुन्हा वाढण्याचं प्रमाण जुन्या पद्धतीत ३१ टक्के होतं, नव्या पद्धतीत १४.

या तंत्राला मर्यादा आहेत आणि त्या अनुभवातून कळल्या. मुख्य श्वासनलिकांपासून दोन सेंटिमीटरच्या आत असलेल्या गाठींवर तीन मोठ्या मात्रा दिल्यावर गंभीर इजा झाल्या. म्हणून तिथे आता तीच लढाई अधिक बैठकांत, लहान मात्रांनी लढतात. पसरलेल्या आजारात हृदय वाचवण्यासाठी प्रोटॉनचाही अभ्यास चालू आहे. क्ष-किरण आरपार जातात, पण प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर ऊर्जा टाकून थांबतो. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियलच्या केंद्रात २०२३ पासून प्रोटॉनचे उपचार मिळू लागले आहेत.

शंभराहून अधिक वर्षांच्या या प्रवासात खरी झेप घेतली ती किरण कुठे पडू द्यायचे नाहीत, या ज्ञानाने. त्याचा सर्वांत मोठा लाभ वय, दमलेलं हृदय किंवा कमजोर फुप्फुसं यांमुळे शस्त्रक्रिया नाकारल्या गेलेल्यांना झाला. गाठ लहान असेल आणि पसरली नसेल, तर ‘ऑपरेशन झेपणार नाही’ या वाक्यावर विषय संपत नाही. त्यानंतर रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्टना विचारायचा एक रास्त प्रश्न उरतो: या गाठीवर थोड्या बैठकांत, नेमके किरण देता येतील का? बऱ्याच जणांसाठी त्याचं उत्तर आज ‘हो’ आहे.