बरोबर साठाव्या सेकंदाला

धावफलक, शेअरचे भाव, चॅटमधले निरोप पान पुन्हा न उघडता बदलत राहतात, तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा वेबसॉकेट असते. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातली ही जोडणी उघडीच राहते आणि दोघेही हवे तेव्हा बोलू शकतात. ती तुटली की पहिला दोष इंटरनेटला दिला जातो, दुसरा प्रोग्रॅमला. माझ्या मते, खुलासा मागायचा तो आधी ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या, विनंत्या घेऊन मागच्या सर्व्हरकडे देणाऱ्या रिव्हर्स प्रॉक्सीकडे. आणि जोडणी कधी व कशी तुटली, यातच दोषाचा माग असतो.

डिसेंबर 2011 मध्ये आरएफसी 6455 या क्रमांकाने वेबसॉकेटचे नियम ठरले. त्यानुसार सुरुवात साध्या एचटीटीपी विनंतीनेच होते. ‘अपग्रेड’ या हेडरमधून ब्राउझर वेबसॉकेटची मागणी करतो आणि सर्व्हर 101 असे उत्तर देऊन होकार कळवतो. पण एचटीटीपीच्या नियमांनुसार हा हेडर त्या एका टप्प्यापुरताच असतो. प्रॉक्सीने तो आपणहून पुढे पाठवायचा नसतो. त्यामुळे मागच्या सर्व्हरला साधी विनंती मिळते आणि 101 ऐवजी बहुधा 400 किंवा 426 असे उत्तर येते. म्हणजे इथे प्रॉक्सी चुकत नाही, नियम पाळते. एंजिनएक्स या प्रॉक्सीमध्ये वेबसॉकेट पुढे नेण्याची सोय 2013 साली 1.3.13 या आवृत्तीपासून आली, तरी ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे दोन्ही हेडर पुढे पाठवण्याचे स्पष्टपणे लिहून द्यावे लागते. शंका फेडायची तर प्रॉक्सीला वगळून, कर्ल या कमांडने तीच विनंती थेट मागच्या सर्व्हरच्या पोर्टवर करून पाहावी. तिथे 101 मिळाले आणि प्रॉक्सीमार्फत मिळाले नाही, तर प्रोग्रॅमची एक ओळही न उघडता दोषाची जागा सापडते.

जोडणी जुळून मग तुटते, तो प्रकार जास्त फसवा. नेटवर्क खराब असेल तर ती वेळीअवेळी तुटेल. कुणी बोलत नसताना ती दर वेळी साठाव्या सेकंदालाच तुटत असेल, तर कुणीतरी घड्याळ लावून बसले आहे. एंजिनएक्स मागच्या सर्व्हरकडून साठ सेकंद काहीच आले नाही की जोडणी बंद करते, आणि ॲमेझॉनच्या ॲप्लिकेशन लोड बॅलन्सरची निष्क्रियतेची मूळ मर्यादाही साठच सेकंदांची आहे. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये अशा वेळी 1006 हा क्रमांक दिसतो. तो सर्व्हरने पाठवलेला नसतो. बंद करत असल्याची सूचना न येताच जोडणी गेली, एवढेच ब्राउझर त्यातून सांगतो. यावर एक सोपी चाचणी आहे: प्रॉक्सीची मर्यादा साठावरून नव्वदवर न्यावी. तुटण्याची वेळही नव्वदवर सरकली तर घड्याळ कुणाचे ते कळले. साठावरच राहिली, तर वाटेतल्या दुसऱ्या कुणाचे तरी आहे.

मग मर्यादा थेट चोवीस तासांची का करू नये? अनेक ठिकाणी तसे केलेले असते आणि तक्रारही थांबल्यासारखी वाटते. पण लॅपटॉप मिटला किंवा फोनची रेंज गेली, तरी सर्व्हरला ते लगेच कळत नाही. अशा मृत जोडण्या साचतात आणि मेमरी अडवतात. शिवाय ऑफिसच्या फायरवॉलचे किंवा मोबाइल कंपनीच्या यंत्रणेचे घड्याळ आपल्या हातात नसते. त्यापेक्षा सर्व्हरने पंचवीस-तीस सेकंदांनी ‘पिंग’ पाठवावे. ब्राउझर त्याला आपोआप ‘पाँग’ने उत्तर देतो, त्यामुळे घड्याळे पुन्हा शून्यावर येतात आणि उत्तर न देणारी जोडणी लगेच ओळखू येते. मात्र ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला स्वतः पिंग पाठवता येत नाही. हे काम सर्व्हरनेच करायचे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बऱ्याच लायब्रऱ्या तुटलेली जोडणी आपोआप पुन्हा जोडतात, मग एवढा शोध कशाला? कारण मधल्या दोन-तीन सेकंदांत निघालेला निरोप आपोआप परत येत नाही. भाव दाखवणाऱ्या पडद्यावर जुना आकडा तसाच राहतो आणि पाहणारा त्यालाच ताजा समजतो. मला हे तुटण्याहून गंभीर वाटते. पुनर्जोडणी हवीच, कारण नेटवर्क कधी ना कधी जाणारच. पण प्रत्येक निरोपाला अनुक्रमांक असावा, परतलेल्या ब्राउझरने शेवटचा मिळालेला क्रमांक सांगावा आणि सर्व्हरने त्यापुढचे निरोप द्यावेत. प्रॉक्सी पुन्हा सुरू झाल्यावर हजारो ब्राउझर एकाच क्षणी धडकू नयेत, म्हणून प्रत्येकाने थोडा वेगवेगळा वेळ थांबून परतावे, हेही त्याच कोडमध्ये लिहायला हवे.