मुक्या रुग्णाची शुश्रूषा

माणूस आजारी पडला, म्हणजे त्याला आपले दुखणे सांगता येते. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, हे तो वैद्याला सांगतो आणि वैद्य त्यावरून औषध योजतो. गाईबैलांना बोलता येत नाही. पण गाईने वैरणीला तोंड लावले नाही, तर धन्याच्या ते लगेच लक्षात येते. परसातील कोंबडीचे तसे नाही. ती आपले दुखणे सांगत तर नाहीच, उलट लपवते. हा तिचा हट्ट नव्हे. तिचे पूर्वज रानात राहत. रानात जो पक्षी दुबळा दिसे, त्याच्यावरच शिकारी प्राण्याची झडप प्रथम पडे; इतकेच नव्हे, तर कळपातील इतर पक्षीही त्याला टोचून दूर लोटीत. म्हणून अंगात बळ आहे तोवर निरोगी असल्याचे भासवणे, हा त्या जातीचा स्वभावच बनला. यामुळे ज्या दिवशी कोंबडी आजारी दिसते, त्याच्या पुष्कळ आधीच ती आजारी पडलेली असते.

कृष्णा आणि वारणा या नद्यांमधला वाळवा तालुका उसासाठी प्रसिद्ध आहे. ईश्वरपूरच्या (पूर्वीच्या इस्लामपूरच्या) आसपास कोठेही जा, रस्त्याच्या दोहो बाजूंस हिरवेगार फड दिसतात. परंतु ज्यांच्यापाशी जमीन थोडी किंवा मुळीच नाही, अशीही घरे याच गावांत आहेत. त्यांच्या परसात चारपाच कोंबड्या असतात. अंडी विकून येणारे पैसे बहुधा घरातील बाईच्या हाती राहतात. त्यांतून मीठमिरची येते आणि मुलांच्या वह्या-पेन्सिलीही येतात. अशा घरी कोंबडी आजारी पडली, म्हणजे केवळ एक पक्षी आजारी पडत नाही; त्या घराचा वरखर्चच आजारी पडतो. म्हणून तिची शुश्रूषा कशी करावी, हे घरातील मुलांनाही ठाऊक असले पाहिजे.

'शुश्रूषा' हा शब्द आपण 'रुग्णाची सेवा' या अर्थाने वापरतो. परंतु संस्कृतात त्याचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. जो रुग्ण बोलतच नाही, त्याचे ऐकावयाचे कसे? त्याचे डोळ्यांनी ऐकावे लागते. सकाळी खुराडे उघडल्यावर पाच मिनिटे शांत उभे राहून पाहावे. निरोगी कोंबडी दार उघडताच लगबगीने बाहेर पडते, जमीन उकरते, दाणे टिपते. अंडी देणाऱ्या कोंबडीचा तुरा लालभडक असतो. डोळे पाणीदार व नाकपुड्या कोरड्या असतात. विष्ठा घट्ट असून तिच्यावर पांढरा थर दिसतो. याउलट आजारी कोंबडी मागे रेंगाळते, पिसे फुगवून एका बाजूला उभी राहते आणि डोळे मिटते. तिचा तुरा फिका किंवा काळसर पडतो, शेपटी खाली झुकते, विष्ठा पातळ होते.

मात्र कोपऱ्यात बसलेली प्रत्येक कोंबडी आजारी असतेच असे नाही. खुडूक झालेली कोंबडीही दिवसभर एका जागी बसते, फारसे खात नाही आणि जवळ गेल्यास पिसे फुगवते. पण तिची नजर तीक्ष्ण असते. हात पुढे केला, तर ती चिडून चोच मारते. ती आजारी नसून, एकवीस दिवस अंडी उबवण्याची ओढ तिला लागलेली असते. तसेच वर्षाकाठी एकदा कोंबडीची जुनी पिसे झडून नवी येतात. त्या काळात ती विद्रूप दिसते व अंडी देणेही थांबवते. हाही रोग नव्हे.

कोंबडी खरोखर आजारी आहे असे वाटताच तिला इतरांपासून वेगळे करावे. यात दोन हेतू साधतात: तिचा रोग इतरांना लागत नाही आणि इतरांच्या टोचण्यापासून तिला विसावा मिळतो. एखादे डालगे किंवा मोठे खोके घ्यावे, त्यात कोरडा भुसा अथवा गवत अंथरावे आणि वारा व पाऊस लागणार नाही अशा शांत जागी ते ठेवावे. निरोगी कोंबडीच्या शरीराचे तापमान सुमारे एकेचाळीस अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्याहून चार अंशांनी अधिक असते. ही ऊब राखण्यासाठी तिला सतत शक्ती खर्चावी लागते. म्हणून थंडीच्या दिवसांत आजारी कोंबडीला बाहेरून ऊब दिली, तर ती शक्ती रोगाशी झुंजण्यास उपयोगी पडते. उन्हाळ्यात याच्या उलट करावे. चोच उघडी टाकून धापा टाकणाऱ्या कोंबडीला प्रथम सावली आणि गार पाणी द्यावे.

जवळ स्वच्छ पाण्याचे भांडे ठेवावे. भिजवलेला भरडा किंवा शिजवलेला भात थोडा थोडा द्यावा. पाणी बळेच चोचीत ओतू नये. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मागेच असते. ओतलेले पाणी तिच्यात शिरून कोंबडी गुदमरू शकते. चोचीच्या कडेला थेंब लावला, तर तो ती आपणहून गिळते. माणसांसाठी आणलेल्या गोळ्या तर तिला कधीच देऊ नयेत. औषध कोणते व किती, हे पशुवैद्यानेच ठरवावे.

पशुवैद्याकडे जाण्यापूर्वी आपण काही गोष्टी तपासून ठेवाव्या. कोंबडीच्या छातीच्या वरच्या भागात खाल्लेले धान्य साठवणारी पिशवी असते. सायंकाळी ती भरलेली व सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती टणक लागली, तर अन्न अडकले आहे असे समजावे. पिसे बाजूला सारून कातडीवर उवा किंवा पिसवा आहेत काय, हे पाहावे. कोंबडी वारंवार कुंथत असेल, तर अंडे अडले असण्याचा संभव असतो. पावसाळ्यात लहान पिलांच्या विष्ठेत रक्त दिसले, तर ती बहुधा रक्ती हगवण होय. ओल्या, घाणेरड्या जमिनीवर हा रोग झपाट्याने पसरतो. दुखणे केव्हा सुरू झाले, किती पक्ष्यांना झाले, विष्ठा कशी आहे, हे वहीत टिपून नेले, म्हणजे मुक्या रुग्णाच्या वतीने आपण बोललो असे होते.

सर्वांत भयंकर रोग म्हणजे मानमोडी. यात कोंबडीला धाप लागते, हिरवट पातळ हगवण होते, मान पिळवटते, पाय व पंख लुळे पडतात. एकदा हा रोग जडला, म्हणजे त्यावर औषध नाही. दोन-चार दिवसांत सबंध खुराडे रिकामे होऊ शकते. याचे दुसरे नाव राणीखेत. १९२६ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे व जावा बेटात हा रोग ओळखला गेला आणि त्यानंतर लवकरच हिमालयाच्या कुमाऊँ भागातील राणीखेत येथे तो आढळला. पुढे त्याच भागातील मुक्तेश्वरच्या संशोधन संस्थेत त्याच्यावरील लस तयार झाली. ही संस्था मूळची आपल्या पुण्याची. १८८९ साली ती पुण्यात स्थापन झाली व १८९३ साली मुक्तेश्वरला हलवली गेली. पिलू आठवड्याचे होण्याच्या सुमारास त्याच्या डोळ्यात किंवा नाकात लसीचा थेंब टाकतात, पुढे ते मोठे झाल्यावर लस टोचतात. औषधाने जे होत नाही, ते वेळीच टोचलेल्या लसीने होते.

येथे एक मोह टाळावा लागतो. खुराड्यात रोग शिरला असे दिसताच काही लोक उरलेल्या कोंबड्या घाईघाईने आठवडी बाजारात नेऊन विकतात. 'मरण्यापूर्वी चार पैसे तरी हाती येतील,' असे त्यांना वाटते. गरिबाच्या घरी हा विचार मनात यावा, यात नवल नाही. परंतु त्या एका टोपलीतून रोग दहा गावांत जातो आणि आपल्यासारख्याच दहा घरांची अंडी बंद होतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही. रोग लपवू नये. तो पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावा. २००६ सालच्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा रोगाला आळा घालण्यासाठी लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. हा रोग क्वचित माणसालाही होतो. म्हणून एकाएकी अनेक पक्षी मेले, तर मुलांनी त्यांना मुळीच हात लावू नये. एरवीही आजारी कोंबडीला हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत व तिची भांडी वेगळी ठेवावीत.

कोंबडीसाठी एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याला आजारी कोंबड्यांचे माणसावरील ऋण सांगावे. १८७९-८० साली लुई पाश्चर हा फ्रेंच शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या पटकीचा अभ्यास करीत होता. रोगजंतूंच्या जुन्या, क्षीण झालेल्या द्रवाने कोंबड्या मरत नाहीत, उलट पुढे त्या रोगापासून सुरक्षित राहतात, असे त्याला आढळले. पुढील अनेक लसींचा मार्ग येथूनच खुला झाला. त्यानंतर दहाएक वर्षांनी जावा बेटात आइकमन या डच डॉक्टरने काही कोंबड्या लटपटत चालताना पाहिल्या. त्या सडलेल्या पांढऱ्या तांदळाचा भात खात होत्या. कोंड्यासह तांदूळ मिळताच त्या बऱ्या झाल्या. या निरीक्षणातून जीवनसत्त्वांच्या शोधाची वाट निघाली आणि १९२९ साली आइकमनला नोबेल पारितोषिक मिळाले. या दोघांनीही प्रथम केले ते एवढेच, की आजारी कोंबडीकडे लक्षपूर्वक पाहिले.

असे पाहावयास शिकवणारे एक विद्यालय आपल्या वाटेवरच आहे. पेठ नाक्यावरून महामार्गाने पुण्याकडे निघाले, की साताऱ्याच्या पुढे नीरा नदीच्या अलीकडे शिरवळ लागते. तेथील पशुवैद्यकीय महाविद्यालयाला वाळवा तालुक्यातील येडे मच्छिंद्रचे सुपुत्र क्रांतिसिंह नाना पाटील यांचे नाव दिलेले आहे. तुमच्यापैकी कोणी पुढे तेथे शिकेलही.

सर्व उपाय करूनही कधीकधी कोंबडी वाचत नाही. अशा वेळी तिला ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. घरातील मोठ्या माणसांनी घरापासून व विहिरीपासून दूर खोल खड्डा खणावा, वर चुना पसरावा आणि तो मातीने बुजवावा. खुराडे झाडून, चुना मारून उन्हात वाळू द्यावे. मग उरलेल्यांच्या पाण्याचे भांडे घासून भरावे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाच मिनिटे दारापाशी शांत उभे राहावे.