चिकटपट्टी नको, प्रशिक्षित हात हवा

विशेष प्रतिनिधी

फाटलेले पान चिकटपट्टीने जोडावे, असे कोणालाही सहज वाटते. जुन्या ग्रंथाच्या बाबतीत मात्र हाच उपाय घातक ठरतो. काही वर्षांतच पट्टीचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो आणि पट्टी काढू गेल्यास अक्षरेही सोबत निघतात. दुर्मीळ कागद लॅमिनेट करणेही तसेच धोक्याचे असते, कारण एकदा चढवलेला प्लास्टिकचा थर सुखरूप उतरवता येत नाही. ग्रंथालये आणि वस्तुसंग्रहालयांत अशी हानी बहुधा काळजीपोटीच होते. म्हणूनच तेथील कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण हा संग्रहाच्या आयुष्याचा प्रश्न आहे.

ही जाण आपल्याकडे नवी नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना पाचारण केले आणि पुढच्याच वर्षी तेथे ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग सुरू झाला. संग्रहालयशास्त्राचे अध्यापनही १९५२ मध्ये बडोद्याच्याच विद्यापीठात सुरू झाले. सांस्कृतिक ठेव्याच्या जतनासाठी लखनौ येथे राष्ट्रीय संशोधन प्रयोगशाळा १९७६ मध्ये स्थापन झाली. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयातही संवर्धन केंद्र आहे.

काय शिकवले जाते?

फाटलेल्या पानाला जपानी टिश्यू कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, कारण पाण्याच्या ओलाव्याने हा जोड पुन्हा सोडवता येतो. पावसाळ्यात हवेतील आर्द्रता वाढली की बुरशी धरते. त्यामुळे कपाटे भिंतीला टेकवू नयेत, आर्द्रतेची नोंद नियमित ठेवावी, वाळवी व कसर यांच्या खुणा वेळीच ओळखाव्यात, हे धडे महत्त्वाचे ठरतात. हातमोजे घातले की वस्तू सुरक्षित, हा समजही अर्धाच खरा आहे. धातूच्या वस्तू आणि छायाचित्रे हाताळताना ते हवेतच. ठिसूळ पान उलटताना मात्र स्वच्छ, कोरडे हातच अधिक भरवशाचे, कारण मोज्यांमुळे बोटांना पानाचा अंदाज येत नाही.

याशिवाय कामाचे स्वरूपही पालटले आहे. दाखलनोंद वहीची जागा संगणकाने घेतली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची 'ई-ग्रंथालय' आणि न्यूझीलंडमध्ये तयार झालेली 'कोहा' या प्रणाली अनेक ठिकाणी वापरात आहेत. पोथीचे स्कॅनिंग केले, पण फाइलला योग्य नाव आणि दाखलांक दिला नाही, तर ती संगणकातही हरवते. नोकरीला लागताना मिळवलेले प्रमाणपत्र निवृत्तीपर्यंत पुरेल, ही अपेक्षा आता व्यवहार्य नाही.

अडते कोठे?

महाविद्यालयीन ग्रंथपालांच्या पदोन्नतीशी उजळणी वर्ग जोडलेले आहेत. सार्वजनिक ग्रंथालयांत चित्र वेगळे आहे. १९६७ च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात या ग्रंथालयांचे जाळे उभे राहिले आणि 'अ' ते 'ड' अशी वर्गवारी करून त्यांना अनुदान मिळू लागले. मात्र तेथील कर्मचाऱ्यांचे मानधन याच अनुदानावर विसंबून असते. लहान ग्रंथालयात दार उघडण्यापासून देवघेवीपर्यंत सारे एकच व्यक्ती पाहते. ती कार्यशाळेला गेली की ग्रंथालय बंद ठेवावे लागते. शिवाय प्रवासखर्चाचा प्रश्न असतोच. परिणामी ज्यांना प्रशिक्षणाची गरज सर्वाधिक, तेच त्यापासून दूर राहतात.

यावर मार्ग आहे. तालुक्यातील काही ग्रंथालयांनी मिळून एका प्रशिक्षकाला बोलावल्यास प्रत्येकाच्या प्रवासाचा खर्च वाचतो. एक कर्मचारी प्रशिक्षणाला गेला असता शेजारच्या ग्रंथालयातील सहकाऱ्याने किंवा कार्यकारिणीतील सदस्याने काम सांभाळावे, अशी व्यवस्था करता येते. परतल्यावर त्याने शिकलेले इतरांना दाखवावे, म्हणजे एका जागेचा लाभ अनेकांना होतो.

वाचकांचाही यात वाटा आहे. ग्रंथालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत नव्या पुस्तकांच्या खरेदीचा हिशेब मागितला जातो. त्याच वेळी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी वर्षभरात किती रक्कम राखली, हेही सभासदांनी विचारायला हवे.