दोन-सहाची बांगडी आणि चुलबंदची वाळू

दिवाळीची भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. भंडारा जिल्ह्यात लाखांदूरच्या आसपासच्या गावांतही भरते. दिवसभर दुकानं, पाहुणे, खाऊ; रात्री दंडार नाहीतर नाटक. बांगड्यांच्या दुकानापुढं बायकांची दाटी असते, आणि मनगटं भरता भरता किती तरी बांगड्या पिचतात. दुसऱ्या दिवशी दुकानं उठलेली असतात आणि कोवळं ऊन तिरपं जमिनीवर पडतं. त्या उन्हात धुळीतून हिरवे, निळे, लाल, आमसुली ठिपके चमकू लागतात. लहानपणी ते वेचून काड्यापेटीत भरणं हा आम्हा पोरांचा मंडईचा दुसरा दिवस असायचा.

आता मी मोठा झालो आहे, पण तो छंद सुटलेला नाही. उलट वाढला आहे. धानाच्या बांधीतून, धुऱ्यावरून, नदीच्या वाळूतून रंगीत काचेचे तुकडे गोळा करायचे, धुवायचे, आणि त्यातले काही पिंपात घोळून गोट्यासारखे गुळगुळीत करायचे. एवढ्याशा तुकड्यात किती गोष्टी दडलेल्या असतात हे कळलं, की रस्त्यावरच्या काचेकडे पाहण्याची नजरच बदलते.

आधी बांगडीचाच तुकडा घेऊ. रोवणीच्या दिवसांत पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंढ्या बांधताना, चिखलात हात घालताना बायकांच्या बांगड्या निसटतात, फुटतात. खरं तर फुटतात असं म्हणू नये. मराठी घरांत बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. सौभाग्याच्या वस्तूबद्दल वाईट शब्द तोंडून जाऊ नये म्हणून भाषेनं स्वतःच घातलेलं हे पथ्य. अशी वाढवलेली बांगडी चिखलात गाडली जाते आणि कित्येक नांगरण्यांनंतर तिचा एखादा बोटभर तुकडा वर येतो.

मला असाच एक हिरवा तुकडा एका धुऱ्याच्या कडेला मिळाला. तो आलेखाच्या कागदावर ठेवला. त्याच्या आतल्या कडेच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर 30 मिलिमीटर भरलं. मधोमध त्याची वाक, म्हणजे त्या सरळ रेषेपासून कडेपर्यंतची खोली, 4 मिलिमीटर होती. दहावीच्या भूमितीत जीवांच्या छेदनाचं प्रमेय असतं. परीक्षेनंतर ते कुठं उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. इथं ते नेमकं लागू पडतं. अर्धी जीवा 15. पंधराचा वर्ग 225. त्याला वाकेनं, म्हणजे 4 नं भागलं की 56.25. त्यात तेच 4 मिळवले की 60.25 मिलिमीटर. हा त्या संपूर्ण बांगडीचा आतला व्यास.

आता बांगड्यांच्या दुकानात जाऊन माप विचारा. दुकानदार म्हणेल दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. दोन-सहा म्हणजे दोन इंच आणि वर इंचाचे सोळा भाग करून त्यातले सहा. मिलिमीटरमध्ये ते 60.3 होतं. म्हणजे माझ्या तळहातावर पडलेला तुकडा दोन-सहाच्या बांगडीचा होता! बांगडी मनगटावर राहते, पण तिचं माप ठरतं ते मिटलेल्या हाताच्या रुंदीवरून, कारण तिला तिथूनच पार जायचं असतं. चिखलात रोप खोचणाऱ्या कुणा बाईच्या हाताची रुंदी त्या बोटभर काचेनं जपून ठेवली होती. ती कोण, कुठली, काही माहीत नाही. पण तिचा हात केवढा होता हे मला कळलं, आणि त्या क्षणी अंगावर काटा आला.

एकच तुकडा असेल तर मापात थोडी चूक होऊ शकते, कारण वाकेतला अर्ध्या मिलिमीटरचा फरकही व्यासात बराच मोठा होतो. म्हणून तुकडा जितका लांब तितकं उत्तर भरवशाचं.

हेच काम पुरातत्त्वज्ञ फार मोठ्या प्रमाणावर करत आले आहेत. कोल्हापूरजवळ ब्रह्मपुरीला 1945-46 साली डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी उत्खनन केलं. तिथं बहमनी काळातल्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे मिळाले, त्यांत एकावर एक रंगांचे थर दिलेलेही होते. दीक्षितांचा काचेच्या मण्यांचा आणि बांगड्यांचा अभ्यास इतका खोल होता की 1969 साली मुंबई विद्यापीठानं त्यांचा भारतीय काचेचा इतिहास सांगणारा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. इतरांनी मातीबरोबर फेकून दिले असते अशा तुकड्यांवर एका मराठी माणसानं आयुष्याची इतकी वर्षं दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. आमच्या शेजारच्या पवनीलाही 1969-70 साली जगन्नाथ टेकडीवर शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांनी उत्खनन करून प्राचीन बौद्ध स्तूप उजेडात आणला. म्हणूनच छंदाचा पहिला नियम: जुन्या टेकाडांवरून, संरक्षित जागांवरून एकही तुकडा उचलायचा नाही. तो कोणत्या थरात होता यातच त्याची अर्धी गोष्ट असते. जागेवरून हलवला की ती कायमची हरवते.

आता रंगांकडे वळू. काच म्हणजे मुळात वाळू, सोडा आणि चुना. नुसती शुद्ध वाळू वितळवायला सुमारे 1700 अंश सेल्सिअस उष्णता लागते. सोडा घातला की ती बऱ्याच कमी उष्णतेत वितळते. पण तेवढ्यावर थांबलं तर तयार होणारी काच पाण्यात विरघळते! चुना पडला की ती पाण्यात टिकते. या बिनरंगी रसात चिमूटभर धातू गेला की सगळा खेळ बदलतो. कोबाल्टचं प्रमाण हजारात एक भाग असलं तरी काच गर्द निळी होते. तांब्यानं ती मोरपंखी होते, आणि भट्टीत प्राणवायू कमी ठेवला तर त्याच तांब्यानं लाल. मँगनीजनं जांभळी. वाळूत आपोआप असलेल्या लोहामुळं ती हिरवट, निळसर होते. सोन्यानंही काच लाल होते. त्यासाठी सोन्याचे कण इतके बारीक असावे लागतात की ते डोळ्यांना दिसत नाहीत, फक्त रंग दिसतो.

तुमच्या हातातला जाड, निळसर-हिरवा तुकडा बहुधा जुन्या सोडावॉटरच्या बाटलीचा असतो. गळ्यात गोटी असलेल्या त्या बाटलीचं पेटंट इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी 1872 साली घेतलं. आतला वायूच गोटीला वर दाबून बाटलीचं तोंड बंद ठेवतो, अशी ती युक्ती. तपकिरी तुकडा औषधाच्या बाटलीचा. तो रंग औषधाला उजेडापासून वाचवतो. पातळ, बिनरंगी, किंचित वाकलेली काच कंदिलाची. महाराष्ट्रात तळेगावला पैसा फंडाच्या काचकारखान्यानं 1908 पासून आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीनं 1916 पासून काच घडवली. ओगल्यांचा प्रभाकर कंदील कित्येक घरांत उजेड देत होता. वीज यायच्या आधीच्या कंदिलाची काच एखाद्या पडक्या घराच्या ओट्याशी सापडली, तर ती कोणत्या कारखान्याची हे सांगता येत नाही. पण तिच्यामागं बसून कुणी तरी अभ्यास केला असेल, हे मनात आल्याशिवाय राहत नाही.

आता घोळण्याचं पाहू, कारण इथंच निसर्गाचं सगळ्यात धीराचं काम दिसतं. समुद्रकिनाऱ्यावर काच लाटांमध्ये घोळून गोल होते, तिच्यावर धुक्यासारखी पांढरट साय चढते. कॅलिफोर्नियात फोर्ट ब्रॅगच्या किनाऱ्यावर गाव आपला कचरा टाकत असे. 1967 नंतर ते थांबलं, आणि समुद्रानं त्या कचऱ्यातल्या बाटल्या घासून घासून खडे केले. आज लोक तो किनारा पाहायला जातात. आमच्याकडे समुद्र नाही. पण चुलबंद आहे आणि तिला पोटात घेणारी वैनगंगा आहे.

या नद्यांची वाळू वेगळी का, ते खडकात दडलेलं आहे. नागपूरपासून पश्चिमेकडं महाराष्ट्राचा बराचसा भाग लाव्हारसाच्या काळ्या बेसाल्टचा आहे आणि त्यात गारेचा खनिजांश, म्हणजे क्वार्ट्झ, जवळजवळ नसतो. भंडाऱ्याच्या पूर्वेकडचे खडक त्याहून कितीतरी प्राचीन आहेत. ते झिजून जी वाळू होते ती गारेची, पांढुरकी, कणखर असते. खनिजांच्या कठीणपणाच्या पट्टीवर काच सुमारे साडेपाचावर येते आणि गार सातावर. म्हणजे वाळूचा प्रत्येक कण काचेपेक्षा कठीण. पुरात नदीच्या तळाशी वाळू वाहते तेव्हा तिच्यात सापडलेल्या काचेच्या कडा आधी जातात, मग टोकं जातात, मग चेहरा मवाळ होतो. भिंगाखाली पाहिलं तर पृष्ठभागावर टकरींच्या चंद्रकोरीसारख्या खुणा दिसतात. प्रत्येक कोर म्हणजे एक धडक.

अशा धूसर तुकड्यावर पाण्याचा एक थेंब सोडून पाहा. लगेच रंग पेटून उठतो. कोरड्या तुकड्यावरच्या असंख्य बारीक खाचा उजेडाला चहूकडे उधळतात म्हणून तो पांढुरका दिसतो. पाणी त्या खाचा भरून काढतं आणि उजेडाला पुन्हा वाट मिळते. थेंब वाळला की धुकं परत.

नदीला जे करायला वर्षं लागतात ते घरच्या पिंपात काही दिवसांत होतं. ही कला आपल्या देशाला नवी नाही. गुजरातेत खंबायतला अकीकाचे मणी चामड्याच्या पिशवीत कुरुंदाच्या भुकटीबरोबर भरून कारागीर दिवसेंदिवस इकडून तिकडं लोळवत. आजच्या छंदाचं यंत्र तेच काम करतं: रबराचं अस्तर असलेलं लहानसं पिंप, ते सावकाश फिरवणारी मोटर. पिंप अर्ध्याहून जास्त, साधारण पाऊण भरायचं. काचेबरोबर गुळगुळीत लहान गोटे किंवा चिनी मातीचे तुकडे घालायचे, नाहीतर काच काचेवर आपटून कपचे उडतात. त्यावर बुडेल-न बुडेल इतकं पाणी. आणि दोन-तीन चमचे कार्बोरंडमची पूड. अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन कृत्रिम हिरा बनवायला गेले आणि 1891 साली त्यांच्या हाती हे कार्बोरंडम लागलं. कठीणपणात ते नवाच्याही वर. समुद्रकाचेसारखं धुकं हवं असेल तर मध्यम जाडीच्या पुडीवर थांबावं. आरशासारखी चमक हवी असेल तर क्रमाक्रमानं बारीक पूड आणि शेवटी सिरियम ऑक्साइड. दर बदलाला पिंप आणि तुकडे स्वच्छ धुवायचे, कारण जाड पुडीचा एक कण राहिला तरी शेवटच्या चकाकीवर ओरखडे पडतात.

काही गोष्टी जिवाच्या आहेत. काच फोडायची तर जाड कापडात गुंडाळून, डोळ्यांना चष्मा लावून, आणि नेहमी ओली. कोरडी धूळ छातीत जाता कामा नये. पिंपाचं झाकण रोज उघडून पाहावं, आत वायू साठू शकतो. खालचा राखाडी गाळ मोरीत ओतू नये, तो सिमेंटसारखा घट्ट बसतो.

बांगड्यांच्या तुकड्यांची एक जुनी कलाही आठवते. मेणबत्तीच्या ज्योतीवर तुकडा धरायचा. तो मऊ झाला की टोकं वाकवून कडी करायची, तिच्यात दुसरी ओवायची, आणि दारावर लावायला काचेची साखळी तयार. काचापाणीचा खेळ तर याच तुकड्यांचा: जमिनीवर पसरलेल्या ढिगातून एक तुकडा असा उचलायचा की शेजारचा हलता कामा नये. पिढ्यान्‌पिढ्या मुलींची बोटं या काचेवर एकाग्र झाली आहेत.

सगळे तुकडे खेळाचे नसतात, हेही मनात ठेवावं लागतं. नवरा गेल्यावर बाईच्या हातातल्या बांगड्या जबरदस्तीनं फोडण्याची प्रथा आपल्याकडे चालत आली. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं ती बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनं इतर गावांना त्याच वाटेनं जायला सांगितलं. हातात आलेला तुकडा मंडईच्या गर्दीत पिचला की कुणाच्या रडण्यात फुटला, हे काच सांगत नाही. म्हणून मी तो नेहमी हलक्या हातानं उचलतो.

घोळण्यानं काच सुंदर होते आणि त्याचबरोबर काही विसरते. कडा जातात, वाक बोथट होते, जीवा मोजता येत नाही. हाताची रुंदी पिंपातल्या गाळात मिसळून जाते. म्हणून माझा एक नियम झाला आहे: आधी धुवायचं, कागदावर ठेवायचं, माप आणि जागा वहीत लिहायची, आणि मगच पिंपाचं झाकण उघडायचं.

धुऱ्यावरचा तो हिरवा तुकडा मात्र मी पिंपात टाकलेला नाही. तो अजून धारदार आहे, बोटाला लागतो. आलेखाच्या कागदाच्या घडीत ठेवला आहे आणि कागदावर लिहिलं आहे, दोन-सहा.