सर्व्हरच्या दारातील यांत्रिक गर्दी

आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांनी आता पेढीचे संकेतस्थळ काढले आहे. मालाची यादी, भाव व छायाचित्रे तेथे मांडलेली असतात, आणि हा सारा व्याप बहुधा भाड्याने घेतलेल्या एका लहान सर्व्हरवर चालतो. ऐन दिवाळीच्या हंगामात पान उघडत नाही म्हणून गिऱ्हाइकांची तक्रार यावी, सर्व्हरवर तर तोबा गर्दी दिसावी, आणि मागणी मात्र नेहमीपेक्षा कमी भरावी, असा प्रसंग आमच्या पेढीवर गुदरला. शोध घेता कळले की ती गर्दी माणसांची नव्हतीच.

ती 'बॉट' नामक स्वयंचलित आज्ञावलींची होती. सर्वच बॉट उपद्रवी नव्हेत. गूगलचा बॉट आपली पाने वाचतो म्हणूनच नवखे गिऱ्हाईक आपल्यापर्यंत पोहोचते. परंतु काही बॉट भाव टिपून नेतात, काही परवलीचे शब्द अजमावीत बसतात, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी मजकूर गोळा करणाऱ्यांची मोठी भर पडली आहे. विकिपीडियाचा सांभाळ करणाऱ्या विकिमीडिया संस्थेने २०२५ साली जाहीर केले की, तिच्या सर्वांत खर्चिक रहदारीपैकी ६५ टक्के बॉटांची आहे; पाने पाहण्याच्या एकूण संख्येत मात्र त्यांचा वाटा सुमारे ३५ टक्केच. कारण असे की, माणसे बहुधा तीच ती लोकप्रिय पाने मागतात व ती तयार ठेवलेली असतात. बॉट अडगळीतली पाने उपसतो आणि ती मुळापासून जुळवावी लागतात. कापडाची यादी रंग, पोत व किमतीनुसार चाळण्याची सोय असेल, तर प्रत्येक जुळणीगणिक निराळे पान तयार होते. माणूस त्यांतील चार पाहतो, बॉट हजारो.

१९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही सूचनेची फाईल सुचविली. २०२२ साली तिला रीतसर प्रमाणरूप मिळाले. कोणती पाने वाचू नयेत हे तीत लिहावे. सभ्य बॉट ते पाळतो. पण ही पाटी आहे, कुलूप नव्हे.

खरा उपाय सर्व्हरच्या रोजकीर्दीपासून, म्हणजे लॉगपासून, सुरू होतो. कोणत्या पत्त्यावरून, केव्हा, कोणते पान मागितले व मागणाऱ्याने आपले नाव काय सांगितले, हे तीत नोंदलेले असते. नावावर विसंबू नये. गूगलचे नाव कोणीही सांगू शकतो. खरा गूगल पत्त्याच्या उलटसुलट पडताळणीने ओळखता येतो. नंतर एका पत्त्यास मिनिटाला किती पाने द्यावयाची याची मर्यादा घालावी. ती ओलांडणाऱ्यास सर्व्हर ४२९ क्रमांकाचे उत्तर देऊन थांबवितो.

येथे आम्ही एक चूक केली. रागाच्या भरात एक पत्ता कायमचा बंद केला, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या गिऱ्हाइकांचेच फोन येऊ लागले. मोबाईल कंपन्या एकच पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. सबब बंदी तासाभराचीच असावी.

जे बॉट हजारो घरगुती पत्त्यांआडून प्रत्येकी एकच पान मागतात, त्यांच्यापुढे ही मर्यादा लुळी पडते. तेथे आगंतुकाच्या ब्राउझरला आधी एक लहानसे गणित सोडवावयास लावतात. जुन्या फोनवर त्यास थोडा वेळ लागतो. आम्ही त्याआधी यादीची चाळणी तेवढी नोंदणीकृत गिऱ्हाइकांपुरती ठेवून पाहिली, आणि बराचसा भार तेवढ्यानेच उतरला.